बोटांमधली जागा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जळगावात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता वीस-बावीस वर्षं झाली. तासाला उशिरा येणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते. आणि "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" असं विचारणाऱ्याला तर विचारूच नका. शेवटच्या वर्षाला सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन शिकवायला घेतलं की हा प्रश्न ठरलेला. दोन मार्कांचं आहे की पाच, एवढं कळलं की पोरं पेनं खाली ठेवायला मोकळी.

मला ते प्रथिन फार आवडतं. प्रथिनावर कुणी जीव लावतं का, असं माझे यजमान विचारायचे. लावतं बाबा, मी लावते. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नातून ताकद काढणारे. त्यांना दोन पडदे, आणि त्या दोन पडद्यांच्या मधल्या फटीत हे एवढंसं प्रथिन राहतं. त्याच्या पोटात लोखंड, म्हणून रंगानं लालसर. एका ठिकाणचा इलेक्ट्रॉन उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन द्यायचा, एवढंच त्याचं काम. आपण घेतलेला श्वास शेवटी त्या कामाला लागतो. हे काम थांबलं तर आपण काही मिनिटंही टिकणार नाही.

आणि हेच प्रथिन त्या फटीतून बाहेर पडलं, पेशीच्या मोकळ्या जागेत आलं, की पेशीनं मरायचं असतं. ते बाहेर येतं, तिथल्या दुसऱ्या प्रथिनांना धरतं, सगळी मिळून गाडीच्या चाकासारखी गोल मांडणी करतात, आणि त्या चाकावर कात्र्या जाग्या होतात. कात्र्या म्हणजे पेशीला आतून कापत जाणारी रसायनं. पेशी आवरून घेते, लहान लहान गाठोडी होते, शेजारच्या पेशी ती गाठोडी खाऊन टाकतात. सूज नाही, पू नाही, बोभाटा नाही.

वर्गात मी सालदाराचं उदाहरण देते. माझी निम्मी पोरं शेतकऱ्यांची, त्यांना सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, हे सांगावं लागत नाही. म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या ज्यानं घर चालवलं तो सालदार एके दिवशी उंबरा ओलांडून चालता झाला, की गाव काय म्हणतं? या घराचं आता काही खरं नाही. तसं आहे हे. एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, मग हे प्रथिन चांगलं की वाईट?" मी म्हटलं, बस खाली, प्रथिनाला चारित्र्याचा दाखला लागत नाही. वर्ग हसला. तिचा प्रश्न मी उडवून लावला, याचं मला नंतर वाईट वाटलं.

हे असं माझं सगळं तोंडपाठ. त्याची गरज मला माझ्याच घरात पडेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

माझं माहेर धरणगावजवळच्या एका खेड्यात. कापसाची शेती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आता माय आणि धाकटा भाऊ शेती बघतात. भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे मी त्याची बहीण कमी आणि दुसरी आईच जास्त. त्याची बायको धुळ्याची. हसरी, हाताची हुशार, शिवणकामात तर असली सफाई की टाका शोधून सापडायचा नाही. ती मला अक्का म्हणते. मी तिच्यावर ओरडते, ती हसते, असं आमचं छान चाललेलं. लग्नानंतर चार वर्षांनी तिला दिवस गेले, तेव्हा मायनं गावभर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं, संध्याकाळी सूर्य मावळता मावळता. मी भाऊबीजेसाठी आले होते. भावजयीला सहावा महिना. ग्रहणात पोटुशीनं कापायचं नाही, चिरायचं नाही, सुई धरायची नाही, गाठ मारायची नाही. कापलं तर पोराचा ओठ फाटतो, शिवलं तर बोटं चिकटतात. हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक. मायनं दुपारीच पाण्याच्या हंड्यांवर तुळशीपत्रं टाकली, भावजयीला मधल्या घरात चटई अंथरून दिली आणि म्हणाली, "सरळ पडी ऱ्हाय. उठू नको." आणि स्वतः माळ घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

मायचं हे ग्रहणाचं वेड मला लहानपणापासून माहीत. एरवी ती देवाधर्माची फार नाही. उपास विसरते, पोथी वाचता वाचता झोपते. पण ग्रहण म्हटलं की तिचा चेहराच बदलायचा. मला वाटायचं, जुन्या बायका, चालायचंच.

मी मधल्या घरात गेले तर भावजय चटईवर काठीसारखी सरळ पडलेली. छताकडे बघत. मला हसू आलं आणि रागही. माझ्या हातात भाऊबीजेचा नवा ब्लाउज होता, शिंप्यानं वरचा हुक नीट लावलाच नव्हता. मी म्हटलं, "ऊठ गं, एवढा हुक लावून दे, उद्या घालायचाय." ती म्हणाली, "अक्का, ग्रहण आहे. सुई धरू नये म्हणतात."

झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये चंद्र आला, तो तिकडे लाखो किलोमीटरवर, तुझ्या पोटातल्याला त्याची खबर कोण देणार, शिकलेली ना तू, बी. कॉम. झालेलीस ना. पाच मिनिटं मी तिला झोडपलं. ती हसली, उठून बसली, सुईत दोरा ओवला. "तुम्ही सांगताय म्हणून हं अक्का," म्हणाली. मी ब्लाउज तिच्या हातात दिला आणि न्हाणीत हातपाय धुवायला गेले. परत आले तर हुक लावून झाला होता, आणि ती पुन्हा चटईवर सरळ पडली होती. माय कधी आत येऊन तिच्या हातातली सुई बघून गेली, ते मला तेव्हा कळलं नाही.

जानेवारीच्या शेवटी ती धुळ्याला, माहेरी, बाळंत झाली. भावाचा फोन आला. "अक्का, पोरगी झाली." मी आनंदानं काहीतरी बोलत सुटले. मला थांबवत तो म्हणाला, "हाताची दोन बोटं चिकटलेली आहेत."

मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याला गेले. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नखापर्यंत एकत्र. बाकी पोरगी अशी गोजिरवाणी की बघत राहावं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, हाडं वेगळी आहेत, फक्त कातडी जुळलीय, वर्ष उलटलं की छोटं ऑपरेशन करू, हात नीट होईल. मला हायसं वाटलं. मी खोलीत शिरले तेव्हा माय खाटेच्या पायाशी बसलेली, आजूबाजूला भावजयीची आई आणि दोन-तीन नात्यातल्या बायका. माय कुणाकडे न बघता म्हणाली, "सुई धरी व्हती तिनी. गऱ्हानमा. मी मन्हा डोयानी दखी."

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घालून पोरीचं दुपटं सारखं करत बसली.

आता मी काय करायला हवं होतं, ते सांगायला नको. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी, मिठाची गुळणी धरून उभी राहिले. "माय, असं काही नसतं," एवढं म्हणाले, तेही पुटपुटल्यासारखं. ब्लाउज माझा होता, ती नको म्हणत होती, मी तिला उठवलं, यातलं अक्षरही तोंडातून निघालं नाही. का, ते खरं सांगते. त्या अर्ध्या क्षणात मलाच वाटून गेलं, की हे माझ्यामुळे तर नाही झालं? बावीस वर्षं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. ते लगेच परत आठवलं, पण तोवर मी गप्प बसून चुकले होते. आणि एकदा गप्प बसलं की पुढे बोलणं जड होत जातं.

बस धरून जळगावला आले. हाताची वाढ कशी होते ते पुस्तक काढून पुन्हा वाचलं, जसं काही मला ते माहीतच नव्हतं. पोटातल्या गर्भाचा हात आधी चपटा असतो, सलग. मग बोटांच्या रेषा उमटतात आणि त्या रेषांच्या मधल्या पेशी मरतात. मरतात म्हणजे आपण होऊन, तेच आपलं सायटोक्रोम सी बाहेर पडतं आणि तेच चाक, त्याच कात्र्या. मधल्या पेशी गेल्या की बोटं सुटी होतात. पहिल्या दोन महिन्यांत हे सगळं उरकतं. म्हणजे आषाढात. दिवाळी तर फार लांब होती. माझ्या हातात पुरावा होता, आणि तो कुणापुढे ठेवण्याची हिंमत नव्हती, कारण पुराव्याबरोबर कबुलीही द्यावी लागणार होती.

आमच्या घरात सव्वा महिना झाला की सासूनं जाऊन सून आणि नातवंडाला घेऊन यायची रीत. नवरा आणू शकत नाही, सासूच लागते. मायनं आधी सांगितलं, थंडी कमी होऊ दे. मग म्हणाली, होळी जाऊ दे. मग म्हणाली, "आखाजी व्हई जाऊ दे, मंग दखू." तीन महिने झाले. पोरीला घर दिसलं नव्हतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस. मीही गेले. मायनं पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या लेकीसाठी मांडे केले, वाढलेही हौसेनं. पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. आणि भावाचं तर कशाकडेच नव्हतं. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "अक्का, ती आता फोनसुद्धा उचलत नाही. शेवटचं एवढंच म्हणाली, तुमच्या आईनं मनापासून बोलावलं तर येईन, नाहीतर पोरीला घेऊन इथंच राहीन. कुणी माझ्या लेकीच्या हाताकडे बघून मला रोज बोल लावलेला मला चालणार नाही."

मग म्हणाला, "तिला तरी त्या दिवशी शिवायचं काय सुचलं असेल? मी किती वेळा विचारलं. सांगतच नाही."

तीन महिने. नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलं पोरीनं. माझी लाज राखायला ती स्वतःचा संसार पणाला लावून बसली होती, आणि मी इकडे आमरसाची दुसरी वाटी घेत होते. मला स्वतःचा एवढा राग आला की तसा आजवर विद्यार्थ्यांचाही आला नसेल.

भावाला मी तिथल्या तिथे सांगितलं. तो उठून गोठ्याकडे गेला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मायला तू सांग."

मायला मी खोटं सांगितलं, डॉक्टरांनी आजीला बोलावलंय म्हणून. आता खोट्यात आणखी एक खोटं, त्याचं काय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघी निघालो. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याच्या वाटेला लागली. बाहेर नुसता फुफाटा. माय खिडकीशी बसून नांगरलेली शेतं बघत होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मला वाटलं, बोलायचं ते तिच्यासमोर बोलायचं, जिच्यावर आळ आलाय.

विहीणबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या, पण चेहऱ्यावर हसू नाही. त्यांचं बरोबरच होतं. भावजय बाहेर आली, मायच्या पाया पडली, माझ्या पडली. वाळली होती. कडेवर पोरगी, उजवा हात ओढणीखाली झाकलेला. पोरगी कुरकुरली, तसं "भूक लागलीय तिला" म्हणून ती आत स्वयंपाकघरात निघून गेली. विहीणबाईही तिच्या मागोमाग गेल्या. बाहेरच्या खोलीत आम्ही मायलेकीच उरलो. ती परत येईपर्यंत थांबले तर पुन्हा धीर सुटेल, असं मला वाटलं.

मायशी मी अहिराणीतच बोलते. माझं बोलणं इथं आपल्या मराठीत लिहिते, तिचं मात्र तिच्याच बोलीत असू दे.

मी म्हटलं, "माय, त्या दिवशी ती ब्लाउजचा हुक शिवत होती. तो ब्लाउज माझा होता. ती नको म्हणाली होती. मी तिला उठवलं, मी सुई धरायला लावली."

माय माझ्याकडे वळली. "तू सांगं व्हतं?"

"हो."

"आनि ती काबरं बोलनी नही?"

"माझ्यासाठी. आणि मी का बोलले नाही, तर भीतीनं."

मला वाटलं, आता माय तोंडाचा पट्टा सोडेल. सोडला असता तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तू शिकेल-सवरेल. तुले मी काय सांगू." त्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. आणि मग मी घाईघाईनं, तास संपायला पाच मिनिटं उरल्यासारखं, सगळं सांगायला लागले.

माझा हात तिच्यापुढे धरला. म्हटलं, "पोटात असताना आधी हात असा नसतो. भाकरी थापल्यासारखा सलग असतो. मग बोटं दिसायला लागतात, पण मधली जागा भरलेली असते. ती रिकामी व्हावी लागते. कापसाची आपण एका जागी दोन-दोन बिया टोबतो ना? उगवून आलं की काय करतो?"

"इरळनी," माय म्हणाली. लगेच म्हणाली. विरळणी तिनं आयुष्यभर केलेली, वाकून वाकून, जास्तीची रोपं उपटत.

"हां. तशी तिथंही विरळणी होते. मधल्या पेशी जातात, म्हणून बोटं सुटी होतात. तुझी झाली, माझी झाली."

"उपटस कोन?"

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बाहेरचं कुणी नाही. प्रत्येक पेशीत एक गडी असतो. तो तिचा श्वास चालवतो, दिवसरात्र. ज्या पेशीनं जायचं, तिच्यातला तोच गडी आपलं घर सोडून बाहेर येतो, आणि मग ती पेशी आवरतं घेते."

माय म्हणाली, "जो जगाडस तोच मारस?"

"तोच."

"आनि त्याले कोन सांगस, की आते बाहेर ये?"

"त्याला निरोप येतात. कुठून, कसे, ते पुष्कळसं कळलंय, सगळं नाही. आपल्या पोरीच्या हातात तो निरोप कुठेतरी पोचला नाही. का पोचला नाही, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही येणार नाही. पण कधी, ते मला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या दोन महिन्यांत हे काम होतं. झालं तर तेव्हाच, राहिलं तर तेव्हाच. तिचे दोन महिने आषाढात भरले. सुई तिनं दिवाळीत धरली."

माय बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला वाटलं, चला, पटतंय. आता ती भावजयीचं काही बोलेल. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पोरगी मधेच हसल्यासारखा आवाज करत होती.

माय म्हणाली, "आनि व्हट?"

मला कळेना. "ओठ कुठला? पोरीचा ओठ चांगला आहे."

"तिना नही," माय म्हणाली. "तुन्हा भाऊना. मधलाना."

माझ्या आणि धाकट्याच्या मध्ये एक भाऊ होऊन गेला, हे मला माहीत होतं. नवव्या दिवशी गेला, एवढंच. मी तेव्हा सहा वर्षांची. घरात कधी कुणी त्याचं नाव काढलं नाही, कारण त्याला नावच ठेवलेलं नव्हतं.

माय भिंतीकडे बघत बोलत राहिली. "त्याना व्हट फाटेल व्हता. पार नाकलगून. दूध ओढता ये नही. कापूस भिजाडी भिजाडी दूध पिलाडं नऊ दिन. मन्ही सासू बोलनी, तू गऱ्हानमा इळी धरी, म्हनीसन पोर असा व्हयना." मग म्हणाली, "धरी व्हती मी. सातवा महिना व्हता मले. तू भूकनी रडी ऱ्हायनी व्हती. सकायपाईन काही खायेल नव्हतं तू. काकडी दे, काकडी दे. मन्हा जीव ऱ्हायना नही. मी कापी दिनी."

चाळीस वर्षं. आपल्या हातानं आपलं पोर मारलं, असं समजून ही बाई चाळीस वर्षं जगली. त्या हातांनी मला वेणी घातली, डबा दिला, कॉलेजला जाताना खांद्यावरून पदर सारखा केला. आणि सुनेच्या हातात सुई दिसली तेव्हा तिला काय दिसलं असेल, ते मला आता कळलं. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"माय, कधी बोलली का नाहीस? मला तरी?"

"तुले काय सांगू?" ती म्हणाली. "तू म्हनती, मन्हा करता भाऊ गया. तुन्हा जीवले लागी जातं."

मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण तिचं लक्ष हाताकडे नव्हतं. तिला उत्तर हवं होतं. तिनं पुन्हा विचारलं, सावकाश, माझ्या वर्गातली सगळ्यात घाबरट मुलगी विचारते तसं, "व्हट कवय तयार व्हस?"

"ओठही दुसऱ्याच महिन्यात, माय. बोटांच्या आधी. दोन बाजूंनी येऊन मधे जुळतो. त्याचा नाही जुळला. तुला तर तेव्हा धड दिवस गेल्याचंही कळलं नसेल."

"सातवामा नही?"

"नाही. सातव्या महिन्यात ओठ कधीच तयार होऊन बसलेला असतो. त्यानंतर तू काकडी काप, नाहीतर आख्खं शेत काप."

"तवय मन्हा हातघाई नही गया तो?"

"नाही, माय. तुझ्या हातानं नाही गेला तो."

तिनं पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आजवर कितीजणांना मी ते प्रथिन शिकवलं असेल, मोजदाद नाही. कुणी त्याच्यासाठी रडेल, असं वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मला म्हणाली, "परत सांग."

मी म्हटलं, "तुझ्या हातून काही झालं नाही, माय."

"तसं नही. जोरमा सांग. ती मझार शे, तिले बी आयकू जाऊ दे."

मी आवाज चढवला. शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तसा. म्हटलं, ग्रहणात काकडी कापल्यानं पोराचा ओठ फाटत नाही. ग्रहणात सुई धरल्यानं पोरीची बोटं चिकटत नाहीत. सुई मी धरायला लावली, आणि तिच्यानंही काही झालं नाही. ज्या आईनं कापलं तिचा दोष नाही, जिनं शिवलं तिचाही नाही. बोलता बोलता आवाज फाटला, तरी बोलले.

आतली भांडी थांबली. माय गुडघ्यावर हात देऊन उठली. मी आधार द्यायला गेले तर म्हणाली, नको. ती स्वयंपाकघराच्या दारातून आत गेली. मी बाहेरच बसून राहिले. मग मायचा आवाज आला, "हात दखाड मन्ही नातना." आणि मग, सुनेला न्यायला आलेल्या सासूच्या आवाजात, "चाल बेटा. मी तुले लेवाले उनू."